पाकिटाच्या पाठीवर

गॅसच्या बिलाचं पाकीट डोरीननं उपडं केलं,
चष्मा नाकावर ओढला आणि विचारलं,
किम, तुझ्या गावात महिन्याला किती लागतात?

माझं नाव कुमुदिनी.
चार अक्षरं तिला परवडत नाहीत.

हल शहर, हेसल रोडमागची गल्ली,
नोव्हेंबरातला चार वाजताचा अंधार.
तीस वर्षं मासे सोलले तिनं,
आता महिन्याला नऊशे वीस पौंड पेन्शन.
बहीण स्पेनला गेली. तिथं म्हणे ऊन फुकट.

मी पाकिटावर मधोमध रेघ मारली.
डावीकडे हल:
भाडं चारशे ऐंशी,
मीटरची किल्ली, दहा पौंड टाकले की तीन दिवस जगणारी,
कौन्सिलचा कर, टीव्ही बघण्याचा कर,
सातनंतर पिवळी चिठ्ठी लागलेला पाव,
आणि मांजर. मांजराचं खाणं तिनं
स्वतःच्या खाण्याआधी लिहायला लावलं.

उजवीकडे परतवाडा.
मी दिगांबरला फोन लावला.
तिकडे रात्रीचे साडेनऊ, मागे कुकरची शिट्टी.
दोन खोल्या? पाच हजारात भेटते, तो म्हणाला,
आंगनात सीताफळ हाय, थे वरून.
बाई एकलीच हाय काय? मंग चार.
सिलिंडर, दूध, भांडेवाली, रिक्षा.
तुरीच्या डाळीपाशी आल्यावर
त्यानं आवाज खाली घेतला,
घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा.

सगळं मिळून तीस हजार. ओढूनताणून.
नऊशे वीस गुणिले एकशे सात:
अठ्ठ्याण्णव हजार चारशे चाळीस.
म्हणजे मी राणी, डोरीन म्हणाली,
आणि चहात दुसरा चमचा साखर घातली.

मे महिन्यात सेहेचाळीस अंश असतात,
मी सावध केलं.
तिनं सोळावर अडकवून ठेवलेल्या हीटरकडे पाहिलं.
सेहेचाळीस, ती म्हणाली, आणि मीटर नाही?

मी गुणणं सोडलं होतं खरं तर.
पहिल्या वर्षी कोथिंबिरीची जुडी
हातात धरून उभी राहिले होते दुकानात,
एकशे पाच रुपये, एकशे पाच रुपये,
आणि परत ठेवली होती, पाणी झटकून.
पुढं वृद्धाश्रमातल्या रात्रपाळ्या लागल्या,
पगारातून घरी पाठवायचे ते पाठवले की
उरलेल्याला कशानं गुणायचं?
आज हातानं आपोआप पाढा म्हटला.

गावाच्या नावातच परत आहे,
मी एकदा दिगांबरला म्हटलं होतं.
तिकिटावर नसते लिहेल, तो म्हणाला होता.

मग डोरीननं पेन घेतलं
आणि तळाशी एक ओळ लिहिली: भिंत.

सकाळी आठला पाळीवरून आल्यावर
मी मधल्या भिंतीवर दोनदा ठोकते.
ती चमच्यानं एकदा ठोकते.
एवढंच. दोन वर्षं झाली.

याचे तिकडे किती? तिनं विचारलं.
फोन चालूच होता, मी दिगांबरला सांगितलं.
ठोकाचं काय घेऊन बसली, तो म्हणाला,
इथं लोकं पहाटेपासून दार वाजवते,
पैसे नाई लागत, पन झोप बी नाई लागत.

हे भाषांतर करताना मी झोपेचं गाळलं.
सीताफळाला इंग्रजी शब्द आठवला नाही,
ते तसंच मराठीत ठेवलं.

पाकीट तिनं चहाच्या डब्यामागं सरकवलं.
मीटर पिंपं करू लागला. मी कामाला गेले.

सकाळी ठोकलं, दोनदा.
चमचा वाजला, एकदा.
मग बराच वेळ काही नाही,
बूट काढेपर्यंत, मोजे वाळत घालेपर्यंत.

मग भिंतीतून, तुकड्यातुकड्यानं,
शेवटच्या अक्षरावर घसरत:
सी. टा. फल.